दोन ठिपक्यांचे ब्रेक

३ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. फोनवर आपण चौथ्या वाक्याला भांडतो, म्हणून आईच्या हुकमावरून लिहितेय. कागदावर समोरच्याला मध्येच तोडता येत नाही, एवढा तरी फायदा.

कामाचं सांगते. बाबांची लाल गाडी मी रस्त्यावर काढणार आहे. हसू नकोस. ऑक्टोबरात घाटात चढाईची शर्यत आहे, त्यात जुन्या वेगवान गाड्यांचा वेगळा गट असतो, आणि मी नाव देऊन बसलेय. इंजिन ठणठणीत आहे. गल्लीतल्या मेकॅनिकने ते सुरू केलं, तेव्हा आवाज ऐकून आई हातातलं काम टाकून बाहेर आली आणि दाराला धरून उभी राहिली. प्रश्न आहे ब्रेकचा.

तो दिवस मी तुला हजारदा ऐकवलाय. मी चौदाची, बाबांच्या शेजारी, घाट उतरताना पेडल एकदम तळाला गेलं. बाबांनी गिअर पाडत, हँडब्रेक ओढत, दगडी कठड्याला दार घासत गाडी थांबवली. घरी आल्यावर तिच्यावर कापड टाकलं आणि म्हणाले, "हिचे ब्रेक मी चांगले करीन, आणि मग गाडी तुझी." त्यानंतर ते अकरा वर्षं होते. कापड काही निघालं नाही. मी विचारायचंही सोडलं. शेवटी शेवटी मला वाटायला लागलं की मुलीच्या हातात एवढा वेग द्यायचा नाही, म्हणूनच हे ब्रेक होत नाहीत. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण माझा राग गेलेला नाही. जेवताना आई त्यांच्या गोष्टी काढते तेव्हा मी ताट उचलून उठते.

असो. मोठ्या ब्रेकचा कॅटलॉग मागवला तर तो संच गाडीपेक्षा महाग निघाला. नाकापेक्षा मोती जड. तुझं गॅरेज आहे, तुला शंभर युक्त्या माहीत. स्वस्तात काय करता येईल?

इथलं आपलं गॅरेज तू आवरून गेलास तेव्हापासून तसंच आहे. त्या भंगाराच्या खोक्याचं एक टोक तू धरलंस, दुसरं मी, आणि तुझ्या व्हॅनमध्ये चढवला. त्यानंतर तिथे इतकी स्वच्छता आहे की परक्याच्या घरात गेल्यासारखं वाटतं.

धाकटी

ता. क. तुझा एका ठिपक्याचा चमचा अजून खणात आहे. आई तो दुसऱ्या कुणाला देत नाही.

१४ फेब्रुवारी

धाकटे,

उंटावरून शेळ्या हाकायचं काम दिलंस, बरं झालं. इथे रोज शेळ्याच अंगावर येतात.

पहिलं काम, तो कॅटलॉग रद्दीत टाक. ते रंगीत ब्रेक चाकातून लोकांना दिसावेत म्हणून असतात. तुला थांबायचंय, मिरवायचं नाही. तुझ्या गाडीला एक थोरली बहीण आहे. त्याच कंपनीची, चार दारांची, जड. तिला आवरायला कंपनीने पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क आणि त्यांना चिमटीत धरणारे मोठे कॅलिपर दिले होते. बोल्टांची भोकं दोघींची सारखी. त्या थोरल्या गाड्या आता कुणाला नकोत, सगळ्या भंगारात गेल्या, म्हणून सामान स्वस्त. आत नवे रबरी सील घातले की नव्यासारखं.

पण नुसते कॅलिपर बदलून भागत नाही. मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं, मग पेडल पोकळ होतं आणि खूप खाली जातं. म्हणून पेडलमागून ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडरही थोरलीचाच घ्यायचा. मागच्या ब्रेकना हात लावू नकोस. मागची चाकं आधी अडकली तर गाडी वळणावर तोंड फिरवते. ऑइल नेणाऱ्या नळ्या, म्हणजे रबरी होज, जुने झाले की फुगतात, त्याऐवजी तारेच्या जाळीचे घाल. पॅड तापल्यावरही धरणारे हवेत, तिथे कंजुषी नको. आणि ब्रेक ऑइल. त्या दिवशी बाबांचा घात झाला तो जुन्या ऑइलने. ते हवेतला ओलावा पितं, उतारावर तापलं की उकळतं, आणि आपला पाय वाफेवर पडतो. नवं ऑइल ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती, आणि लोक तीच विसरतात.

आधी एवढा मोठा कॅलिपर तुझ्या चाकात मावतो का ते बघ. सोबत त्याची आकृती पाठवतोय. तशी पुठ्ठ्याची कापून चाकात बसवून बघ. कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर तेच करतेस.

बाबांचं मनाला लावून घेऊ नकोस. बोलायचे भरपूर, करायचे थोडं. गॅरेज मी स्वतः आवरलं, तुझ्या ब्रेकचं तिथे काहीही नव्हतं. असतं तर तुला दिलं नसतं का? सामानाचं मी बघतो.

दादा

२ मार्च

दादा,

पुठ्ठा मावला. चाक फिरवलं तरी कुठे घासला नाही. तुझी आकृती इतकी चोख आहे की आमच्या कारखान्यात तुला नोकरी मिळेल.

गॅरेजात काही नव्हतं, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. इतकी वर्षं कुठेतरी आशा होती की एखाद्या फळीमागे काहीतरी असेल. आता संपलं ते.

धाकटी

२० एप्रिल

धाकटे,

पार्सल पोचलं असेल. दोन कॅलिपर, दोन डिस्क, ब्रॅकेट, मास्टर सिलिंडर. तुझ्यासाठी कितीतरी रविवार भंगारवाल्याच्या आवारात घालवले. एक कॅलिपर मिळाला, त्याचा जोडीदार गाड्यांच्या ढिगाच्या पार खाली. त्यात त्या माणसाचा कुत्रा मागे लागला, कुंपणावरून उडी मारली आणि पँट मागून टराटरा फाटली. एका हाताने कॅलिपर आणि दुसऱ्या हाताने अब्रू झाकत घरी आलो.

सील नवे घातलेत. कॅलिपर, ब्रॅकेट, सगळ्याला काळा रंग मारलाय. तो खरवडू नकोस, खालचं लोखंड गंज धरेल. पॅड, होज आणि ऑइल तिथे घे. पैशांचा विषय काढायचा नाही. थोरला भाऊ कशाला असतो?

दादा

५ मे

प्रिय दादा,

हा शब्द मी तुला आजवर लिहिलेला नाही, म्हणून जरा अवघडल्यासारखं होतंय.

पार्सल जेवणाच्या टेबलावर उघडलं. मी कॅलिपर मांडीवर घेऊन बसले आणि रडले. आई म्हणाली, "लोकांच्या मुली दागिन्यांना रडतात." तुझं पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवलं. कुत्र्याशी आल्यावर ती म्हणाली, "याचीही फाटली? तुझ्या बाबांची अशीच फाटली होती, मी ठिगळ लावून दिलं होतं." तुम्हा बापलेकांत कुत्र्यांना काय आवडतं कोण जाणे.

दादा, बाबांनी अकरा वर्षांत जे केलं नाही ते तू अडीच महिन्यांत केलंस. हे तुला सांगायलाच हवं होतं.

तुझं ऋण फिटायचं नाही, पण एक गोष्ट करतेय. बाबांचा हत्यारांचा पेटारा ट्रकने तुझ्याकडे पाठवलाय. त्यावर तीन ठिपके आहेत, ठाऊक आहे मला. आपल्या घरात थोरल्याच्या वस्तूवर बाबा टोकदार पंच ठोकून एक ठिपका मारायचे, धाकटीच्या वस्तूवर दोन, आणि जी दोघांची तिच्यावर तीन. सायकलवर होते तसे. पण माझा त्यातला वाटा मी सोडला. पेटारा तुझा. तू त्याला शोभतोस.

तुझी धाकटी

१९ मे

धाकटे,

पेटारा मिळाला. एवढं करायला नको होतंस.

कॅलिपर बसव, पण ऑइल भरू नकोस. ब्रेकमधली हवा काढणं एकट्याचं काम नाही, आणि रंगावर ऑइल सांडलं तर रंग सुटतो. मी स्वतः येऊन करून देतो. जूनमध्ये नक्की.

दादा

८ ऑगस्ट

दादा,

जूनमध्ये तुला जमलं नाही, जुलैतही नाही. शर्यत तोंडावर आली, म्हणून रविवारी मी आणि आईने हवा काढली.

आई जन्मात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवर बसली. मी खाली चाकाशी, हातात पाना. मी म्हणायची "दाब", ती दाबून म्हणायची "दाबलं". मी कॅलिपरवरचं हवा सोडायचं निपल सैल करायची, बुडबुडे येऊन गेले की घट्ट करायची आणि म्हणायची "सोड". दोनदा तिने विचारलं की आता गाडी चालू करू का. आम्ही इतक्या हसलो की शेजारीण डोकावून गेली.

डाव्या चाकाशी निपलवरची नळी निसटली आणि ऑइल कॅलिपरवर सांडलं. मी चिंधीने पुसलं, तर काळा रंग चिंधीबरोबर सालीसारखा निघून आला.

खाली दोन ठिपके होते.

मी पाणी टाकून पुन्हा पुसलं. दोन ठिपके, बोटभर अंतरावर, दुसरा जरासा खाली सरकलेला. मग मी उजव्या कॅलिपरवर मुद्दाम ऑइल टाकलं. तिथेही दोन. ब्रॅकेटवर दोन. मास्टर सिलिंडरच्या पोटाशी दोन. आई अजून पेडलवर पाय ठेवून बसली होती आणि विचारत होती, "सोडू का ग?"

मी तुला एकच विचारते. हे सामान तुला कुठे मिळालं?

धाकटी

१७ ऑगस्ट

धाकटे,

कारखान्यातसुद्धा तपासणीच्या वेळी असे ठिपके मारतात, त्यात काही विशेष नाही. तुला बाबांच्या बाबतीत काहीबाही दिसायला लागतं. आधी शर्यतीकडे लक्ष दे, मग बोलू.

दादा

२३ ऑगस्ट

दादा,

कारखान्यातल्या तपासनिसाचा दुसरा ठिपका कधी खाली सरकतो का? बाबांचा सरकायचा. माझ्या कंपासपेटीवर तसाच आहे, माझ्या स्टुलावर तसाच आहे. डाव्या हातात वस्तू धरून ठोकायचे, पहिल्या ठोक्याला ती हलायची, आणि दुसरा खाली पडायचा. माझा हात आयुष्यभर मापात गेला. मला हे शिकवू नकोस.

आणि ती आकृती. "सामानाचं मी बघतो" लिहिलंस त्याच पत्रासोबत ती आली. काल मी ती पुन्हा काढली. कडेला पेन्सिल लोखंडाला टेकवून फिरवल्याच्या खुणा आहेत. वस्तू अजून शोधायची होती, तर पेन्सिल कशाभोवती फिरवलीस? मी तुझं कौतुक केलं होतं.

आईला सगळं सांगितलं. मग तिने ती जुनी पँट आणून माझ्यापुढे ठेवली, मागे ठिगळ असलेली. बाबा रविवारी सकाळी भंगारवाल्याकडे जायचे आणि काळे हात घेऊन परत यायचे. तिला वाटायचं वेळ घालवतात. कुत्रासुद्धा तू त्यांचाच वापरलास, दादा.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलंस आणि माझ्याकडून आभार घेतलेस. रंग खरवडू नकोस, ऑइल भरू नकोस, मी येतो, जूनमध्ये येतो. मला ती माया वाटली.

तो खोका मीच उचलू लागले होते. तुला विचारलं होतं, एवढं जड काय आहे यात? तू म्हणालास, "भंगार."

आता खरं लिही.

२९ सप्टेंबर

धाकटे,

महिनाभर कागद समोर घेऊन बसतोय.

हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तू औषधं आणायला खाली गेली होतीस. बाबांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, माझ्याशी काही बोलतील. ते म्हणाले, "धाकटीचा खोका कोपऱ्यात आहे. ब्रेक तिला तू बसवून दे. माझे हात आता धरत नाहीत." मग डोळे मिटले. शेवटचं बोलले ते माझ्याशी, पण तुझ्याबद्दल.

गॅरेज आवरायला आलो तेव्हा खोका उघडला. एकेक वस्तू जुन्या कपड्यात बांधलेली, प्रत्येकीवर दोन ठिपके. मग मी सगळं गॅरेज पालथं घातलं. फळ्या, डबे, खण. मला एका ठिपक्याची एक वस्तू हवी होती, एखादा स्क्रूड्रायव्हरसुद्धा चालला असता. आठव्या वर्षापासून त्यांना उजेडासाठी बॅटरी मी धरली. गाडीखाली तेलात मी झोपलो, तू वर सीटवर बसून स्टिअरिंग फिरवायचीस आणि ते तुझ्याकडे बघून हसायचे. माझ्या नावाचं तिथे काही नव्हतं.

खोका देणारच होतो. पुढच्या महिन्यात, मग त्याच्या पुढच्या. मग तुझं पत्र आलं, की बाबांनी शब्द पाळला नाही, तुझा राग गेलेला नाही. खोटं कशाला लिहू, वाचून मला बरं वाटलं. वाटलं, हे एकदा तरी माझ्याकडून मिळू दे हिला. आणि तू "प्रिय दादा" लिहिलंस. त्यानंतर खरं सांगणं मला झेपलं नाही.

पेटारा परत पाठवतो. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण गाडी चालव. कामात मी काही कमी केलेलं नाही. सील माझ्या हातचे आहेत, त्यांची भीती बाळगू नकोस.

दादा

२१ ऑक्टोबर

दादा,

शर्यत झाली. चढताना ब्रेक फारसे लागतच नाहीत, खरी परीक्षा उतरताना. त्याच उतारावरून, त्याच कठड्याजवळून मी खाली आले. आई शेजारी होती, नको म्हटलं तरी बसली. ज्या वळणावर बाबांचं पेडल तळाला गेलं होतं तिथे मी पाय दाबला. पेडल वरच राहिलं, दगडासारखं. गाडी सरळ रेषेत हळू झाली. आई म्हणाली, "दाबलं?" मी म्हटलं, "दाबलं."

सील चांगले आहेत. तेवढ्याचे आभार तुझे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बॅटरी धरणारा मुलगा मला दिसला, आणि त्याचं वाईटही वाटलं. बाबांनी तुझ्यासाठी काही ठेवायला हवं होतं. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं. पण तू सामान लपवलंस, त्याचं मला एवढं नाही. लोखंडच ते, आज ना उद्या मी कुठूनतरी मिळवलं असतं. ज्या माणसाने माझ्यासाठी रविवार घालवले, पँट फाडून घेतली, एकेका वस्तूवर दोन दोन ठिपके मारले, त्याच्यावर मी रागावून राहिले. आई त्याची आठवण काढायची आणि मी ताट उचलायची. तिला एकटीला जेवायला लागायचं. हे सगळं मी तुला स्वतःच्या हाताने लिहून कळवलं होतं. एका ओळीत तू ते थांबवू शकला असतास. उलट तू लिहिलंस, बोलायचे भरपूर, करायचे थोडं. परक्याने गळा कापला असता तर कळलं तरी असतं, तू केसाने कापलास.

आता मी ताट उचलत नाही. आई बोलते, मी ऐकते. पण ज्याला सॉरी म्हणायचं तो नाही.

पेटारा परत पाठवू नकोस. दिलेली वस्तू मी मागत नाही, आणि तुला बाबांकडून काहीतरी हवंच होतं. त्याच्या झाकणावर तीन ठिपके आहेत. त्यातले दोन घासून टाक. कानस खालच्या खणात आहे.